गाडी आणि खांब यांच्या मध्ये: गर्दीच्या पार्किंगमधले कामाचे धोके कसे तपासायचे

मी १७ वर्षं पार्किंगमध्ये काम करते आहे. पहिली ६ खिडकीवर टोकन देण्यात गेली, पुढची ११ सुपरवायझर म्हणून. जमिनीखाली दोन मजले, ३४० गाड्यांची जागा आणि एका पाळीला नऊ माणसं. या नऊ जणांना कामावर काय होऊ शकतं ते आधीच शोधून ठेवणं ही माझी जबाबदारी. कागदावर त्याला ‘जोखीम मूल्यांकन’ म्हणतात, आमच्यात नुसतं ‘पाहणी’.

सुरुवातीची काही वर्षं मी ही पाहणी चुकीची करत होते. गाडीला गाडी घासणं, आरसा तुटणं, बंपर खांबाला लागणं, असं सगळं माझ्या तक्त्यात होतं. एका संध्याकाळी आमच्याकडे कामाला असलेला एक मुलगा, वय २४, मागे येणाऱ्या गाडीला इशारा करताना बंपर आणि खांब यांच्यात सापडला. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतकाही नव्हता. मांडीचं हाड मोडलं, सात महिने तो घरी होता. त्या खांबाच्या ओळीत माझ्या तक्त्यात ‘वेग कमी, धोका किरकोळ’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तुमच्या तक्त्यात तशी ओळ असेल तर ती आजच शोधा, म्हणून हे लिहिते आहे.

गाडीला ओरखडा पडला की मालक येऊन भांडतो, त्यामुळे तो धोका सगळ्यांच्या लक्षात राहतो. माणसाचा पाय थोडक्यात वाचला तर तो ‘काही नाही, काही नाही’ म्हणत पुढच्या गाडीकडे जातो. पाहणी करायची ती या ‘काही नाही’ची.

पाहणी पायी, आणि भर गर्दीत

रिकामं पार्किंग बघून काही कळत नाही. भल्या सकाळी रंगवलेले बाण, मोकळ्या लेन, सगळं नकाशाबरहुकूम दिसतं. गर्दी झाली की बाण चाकांखाली जातात, कोपऱ्यात ‘पाच मिनिटांसाठी’ लावलेली गाडी तासभर तिथेच राहते, आणि पायी चालणारे लोक पट्ट्यांवरून जायचं सोडून जवळची वाट धरतात. म्हणून मी एकाच जागेची पाहणी तीनदा करते: गाड्या आत येण्याच्या वेळी, बाहेर पडण्याच्या वेळी आणि रात्रीच्या शेवटच्या तासात, जेव्हा गाड्या तुरळक असतात पण माणसं पेंगुळलेली असतात. दर वेळी एका ठिकाणी अर्धा तास उभं राहायचं. फेरी मारली की सगळं पाहिल्याचं समाधान मिळतं, पण एखाद्या वळणावर नेमकं काय चालतं ते तिथे ठाण मांडल्याशिवाय दिसत नाही.

दोघांनी जायचं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने मोजणाऱ्याच्या दिशेने येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवायची. वहीत डोकं घालून लेनमध्ये उभी असलेली सुपरवायझर हाही एक धोकाच आहे.

वहीत मी चार रकाने पाडते. मागे येणाऱ्या गाडीच्या मागून कोणी किती वेळा गेलं. आमचा माणूस गाडी आणि भिंत, खांब किंवा दुसरी गाडी यांच्या मध्ये किती वेळा उभा राहिला. लेनमध्ये गाडीला उलटं यावं लागलं असं किती वेळा झालं. आणि चौथा, माझ्या मते सगळ्यात बोलका: दचकून थांबणं, बाजूला उडी मारणं, बोनेटवर हात आपटून ‘अहो, अहो’ म्हणणं. प्रत्येकाला एक रेघ. हे मोजायला कसलंही शिक्षण लागत नाही.

पहिल्याच मोजणीत माझ्या पहिल्या रकान्यात २३ रेघा आल्या. त्यातल्या ९ आमच्याच माणसांच्या. आणि नऊच्या नऊ वेळा ती माणसं एकाच ठिकाणी निघाली होती, लिफ्टजवळच्या किल्ल्यांच्या फळीकडे. आमच्यात कोणी बेफिकीर नव्हतं, फळी चुकीच्या भिंतीवर होती. आम्ही ती रॅम्पच्या अलीकडच्या भिंतीवर हलवली, चार स्क्रूंचं काम. पुढच्या मोजणीत नऊच्या दोन झाल्या.

मोजून झालं की माणसांना विचारायचं. ‘इथे काय धोका आहे?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘काही नाही मॅडम, सगळं ठीक.’ त्याऐवजी ‘शेवटचं कधी दचकलात?’ असं विचारा. लोक जागा दाखवतात, हाताने गाडीचं वळण काढून दाखवतात. फक्त गाड्या लावणाऱ्यांना विचारून थांबू नका. झाडणाऱ्या मावशी, चाकात हवा भरणारा, पहारेकरी, या सगळ्यांना विचारा. ही माणसं वाकून किंवा उकिडवी बसून काम करतात, आणि बसलेला माणूस मागच्या काचेतून दिसतच नाही. आमच्या मावशी म्हणाल्या, ‘आवाज नसलेली गाडी आली की चाक दिसतं तेव्हाच मला कळतं.’ विजेवरच्या गाड्यांनी कमी वेगात कृत्रिम आवाज करावा यासाठी संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम २०१६ पासून आहे, आणि तो ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला लागू होतो. पण त्याआधीच्या गाड्या आहेतच, आणि तळघरातल्या पंख्यांच्या घरघरीत तो आवाज सहज बुडतो. मावशींचं झाडणं आम्ही गर्दीच्या वेळेतून काढलं. झाडायच्या वेळी ती रांग दोन कोन (रस्त्यावर ठेवतात ते प्लास्टिकचे शंकू) आणि साखळी लावून बंद ठेवतो.

मधली जागा

आता त्या खांबाकडे येते, कारण पार्किंगमध्ये माणूस जायबंदी होऊ शकतो तो अशा ठिकाणी.

साधारण गाडीचं वजन १,४०० किलोच्या आसपास असतं. ताशी ५ किलोमीटरने मागे येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर सरकते. तुम्ही ‘थांबा’ म्हटल्यावर ते चालकाला ऐकू येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो. म्हणजे तुम्ही ओरडल्यानंतरही गाडी दीड ते दोन मीटर येतच राहते, आणि इशारा करणारा माणूस नेमका तेवढ्याच अंतरावर उभा असतो. वेग दुप्पट झाला तर हे अंतर दुप्पट होतं आणि धडकेचा जोर चौपट. उघड्यावर धक्का बसला तर माणूस मागे ढकलला जातो, पडतो, खरचटतं. पाठीमागे खांब असेल तर ढकललं जायला जागाच नसते. सगळं वजन हाडांवर येतं. म्हणून ‘वेग कमी आहे’ हे कारण देऊन धोका कमी लिहिणं साफ चूक आहे.

आमचा पहिला नियम त्या दिवसापासून एकच: हलणारी गाडी आणि न हलणारी वस्तू यांच्या मध्ये कोणीही उभं राहायचं नाही. लावून ठेवलेली दुसरी गाडी हीसुद्धा न हलणारी वस्तूच.

अशा जागा शोधायला मी दोन पावलांची चाचणी करते. इशारा करणारा माणूस जिथे उभा राहतो तिथे स्वतः उभं राहायचं. गाडी अंगावर येते आहे असं धरायचं आणि बाजूला दोन पावलं टाकायची. खांब, पाइप, शेजारची गाडी, कठडा यांपैकी काहीही आडवं आलं तर त्या जागी लाल खडूने फुली. हे शेजारच्या गाड्या लागलेल्या असताना करायचं. एका गाडीला अडीच मीटर रुंदीची जागा मिळते आणि गाडी १.८ मीटर रुंद असते, म्हणजे दोन गाड्यांमधून निसटायला ७० सेंटीमीटर राहतात, आणि तेही दोन्ही गाड्या अगदी मधोमध लागल्या असतील तर. आमच्याकडे ३४० जागांमध्ये ३१ फुल्या पडल्या.

मग पुढचा प्रश्न, आणि तो विचारल्याशिवाय फुलीचा काही उपयोग नाही: माणूस तिथे का उभा राहतो? आमच्या मुलाने दवाखान्यातून मला सांगितलं की बंपर आणि खांब यांच्यातली फट फक्त तिथूनच दिसते. गाडी घासली तर त्याची बोलणी त्यालाच खावी लागली असती. म्हणजे तो धोका आमच्याच पद्धतीने त्याच्यावर आणला होता. ‘मध्ये उभे राहू नका’ अशी पाटी लावून हे सुटलं नसतं. आम्ही त्या जागांवर जमिनीला रबरी व्हील स्टॉपर ठोकले. मागचं चाक टेकलं की गाडी थांबते, फट कोणी बघत बसायची गरजच उरली नाही. आणि दोन जागा, जिथे स्टॉपर लावूनही माणसाला निसटायला वाट नव्हती, त्या कायमच्या बंद केल्या. व्यवस्थापनाशी त्यावर तीन बैठका झाल्या. मी दर वेळी मोजणीची वही घेऊन गेले.

इशारा करणाऱ्याने कुठे उभं राहायचं, तेही पाहणीतच ठरवायचं. गाडीच्या मागच्या कोपऱ्यापासून तिरकं, चालकाच्या बाजूला, गाडीच्या वाटेच्या बाहेर, तीन-चार मीटरवर. तिथून चालकाच्या बाजूच्या आरशात त्याचा चेहरा दिसला पाहिजे. तुम्हाला आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. एका गाडीला एकच माणूस इशारा करणार. आरशातून तो नाहीसा झाला की गाडी थांबणार, हे चालकाशी आधीच बोलून ठेवायचं. ‘येऊ द्या, येऊ द्या’ तळघरात घुमतं, आणि शेजारच्या लेनमधलं ‘येऊ द्या’ आपल्या गाडीसाठी आहे असं चालकाला वाटतं. म्हणून आम्ही हातांचे इशारे ठरवले आहेत. शिट्टीचा अर्थ फक्त थांबा, दुसरा काहीही नाही. डिक्कीवर थाप मारून ‘बस’ सांगायची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. थाप मारायला हात पोचतो, म्हणजे माणूस आधीच मधल्या जागेत पोचलेला असतो.

मागचा कॅमेरा चांगली गोष्ट आहे. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा आहे. पण पावसाचा एक थेंब भिंगावर बसला की चित्र धूसर होतं, आणि बंपरमधले सेन्सर बारीक दांडा किंवा मऊ कपडे चुकवू शकतात. पार्किंगमध्ये येणारी प्रत्येक गाडी वेगळी असते, म्हणून कॅमेरा किंवा सेन्सर माझ्या तक्त्यात ‘उपाय’ म्हणून येत नाही.

पाणी, खडू आणि रिकाम्या बाटल्या

माणसांना धोका सांगून पटत नाही, दाखवला की पटतो. नवीन माणूस आला की मी सकाळी एक लेन बंद करून तीन गोष्टी करून घेते, आणि त्यातून पाहणीसाठी मापंही मिळतात.

पहिली, पाण्याची. कोरड्या फरशीवर बादलीभर पाणी ओता आणि त्यातून गाडी सावकाश वळवत पुढे न्या. ओल्या रेघा बघा. आतल्या बाजूचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेघेवरून जात नाही, ते वळणाच्या आत शिरतं. पुढचं चाक पायाजवळून सुखरूप गेलं म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि मागचं पायावर येतं. या रेघेच्या बाहेर खडूने पट्टा मारला की तीच उभं राहायची हद्द.

दुसरी, बाटल्यांची. गाडीच्या पुढच्या कोपऱ्याच्या बाजूला हातभर अंतरावर रिकाम्या बाटल्या उभ्या करा आणि चालकाला स्टिअरिंग पूर्ण फिरवून मागे यायला सांगा. गाडी मागे जाते आहे, पण तिचं नाक बाजूला झेपावतं आणि बाटल्या आडव्या होतात. सगळ्यांचं लक्ष गाडीच्या मागे असताना पुढच्या दिव्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्याला हेच नाक लागतं.

तिसरी, न दिसण्याची. चालकाला गाडीत बसवा. बसलेल्या माणसाच्या उंचीचा कोन घेऊन गाडीच्या मागून एकेक पाऊल लांब जा, आणि चालकाला कोनाचं टोक दिसलं की तिथे खडूने रेघ मारा. एका उंच गाडीमागे आम्हाला आठ पावलं जावं लागलं. ती आठ पावलं स्वतः चालल्यावर आमच्या पहारेकऱ्याने रिव्हर्स घेणाऱ्या गाडीमागून जाणं आपणहून सोडलं.

न्यूट्रलमधली गाडी

जागा कमी पडली की गाड्या दोन रांगांत लावतात. पुढची गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता, आणि मागची काढायची झाली की पुढची हाताने ढकलायची. ही पद्धत तुमच्याकडे असेल तर पाहणीत तिला वेगळं पान द्या.

सपाट वाटणाऱ्या फरशीलाही पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. मीटरला दोन सेंटीमीटर उतार डोळ्यांना जाणवतही नाही, पण त्यावर १,४०० किलोच्या गाडीला सुमारे २८ किलोचा ओढा असतो. ती एकदा सुटली की थांबत नाही. उतार बघायला फरशीवर चेंडू ठेवा. तो घरंगळला तर तिथे न्यूट्रलमधली गाडी उभी करायची नाही, मग कितीही गर्दी असो. ढकलताना दोघांनी, पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर ढकलायचं. तिसऱ्याने लाकडी उटी, म्हणजे चाकाखाली सारायचा ठोकळा, हातात तयार ठेवून चाकाच्या बाजूला चालायचं, पुढे नाही.

आणि एक गोष्ट प्रत्येक माणसाकडून मी तीनदा वदवून घेते: गाडी सुटली तर तिला जाऊ द्यायचं. ओरडायचं, लोकांना बाजूला करायचं, पण पुढे जाऊन हात लावायचा नाही. छातीने गाडी अडवायला जाणारा माणूस सगळ्यात प्रामाणिक असतो, म्हणूनच त्याला हे आधी सांगून ठेवावं लागतं. आणि त्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही त्याच्या पगारातून कापला जाणार नाही, हे व्यवस्थापनाकडून लिहून घ्या. ते लिहून मिळेपर्यंत हा नियम कोणी पाळणार नाही.

दुसऱ्याची गाडी

वॉलेचं काम करणारा, म्हणजे मालकाकडून किल्ली घेऊन गाडी लावणारा माणूस एका पाळीत कितीतरी अनोळखी गाड्या चालवतो. एकीचा क्लच वर पकडतो, दुसरीचा खाली. एकीत गिअरची दांडी, दुसरीत गोल बटण, तिसरीत स्टिअरिंगमागचा दांडा. विजेच्या गाडीत तर पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, आणि पुढच्या साध्या गाडीत तसं होत नाही. चुकीच्या पेडलवर पाय पडतो तो असा. त्यामुळे पाहणीत ‘चालकाची चूक’ असं लिहू नका, ‘पाळीत किती वेगवेगळ्या गाड्या, दोन गाड्यांमध्ये किती वेळ’ असं लिहा. आमच्याकडे नियम आहे की बसल्यावर सीट आणि आरसे लावायचे, ब्रेक एकदा दाबून बघायचा, आणि मगच गिअर. वीस सेकंद लागतात. रांग लागलेली असताना या वीस सेकंदांवरून कोणी माझ्या माणसाला बोललं तर उत्तर द्यायला मी पुढे होते.

उतरताना गिअर पी (पार्क) वर, हँडब्रेक, गाडी बंद, मग दार. बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांत मालक किल्ली खिशात घेऊन निघून जातो आणि गाडी चालूच राहते. आवाज नसेल तर ती चालू आहे हे कळतही नाही. किल्ली हातात आल्याशिवाय मालकाला टोकन द्यायचं नाही.

उजेड, हवा, आग

उन्हातून तळघरात शिरणाऱ्या चालकाला पहिले काही क्षण नीट दिसत नाही, आणि अंधाराला डोळे पूर्ण सरावायला बरीच मिनिटं लागतात. म्हणूनच ईएन १२४६४-१ या युरोपीय मानकात पार्किंगच्या आत ७५ लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पुरेसा धरला आहे, पण आत-बाहेर जाण्याच्या रॅम्पवर दिवसा ३०० लक्स मागितला आहे. आत अंधार असतो म्हणून तिथेच दिवे वाढवावेत असं आपल्याला वाटतं, पण जास्त गरज तोंडाशी असते. रॅम्पच्या पायथ्याशी पायी लोकांची वाट किंवा टोकनवाल्याची खुर्ची असेल तर ती हलवा. मी स्वतः सहा वर्षं तशाच खुर्चीवर बसले होते.

हवेसाठी नाकावर भरवसा ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतं. थंड इंजिन चालू करताना ते जास्त बाहेर पडतं. सकाळी गाड्या तापलेल्या इंजिनाने आत येतात, संध्याकाळी सगळ्या थंड इंजिनाने एकदम निघतात, म्हणून हवा संध्याकाळी तपासायची. एकाच पाळीत दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर थांबलं, तर तो थकवा समजू नका, माणसं बाहेर काढा आणि पंखे बघा. गॅसवरच्या गाड्यांसाठी एक लक्षात ठेवा: एलपीजी हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि गटाराच्या जाळीत साचतो, सीएनजी हलका, छताला जाऊन बसतो. गळती ओळखणारं यंत्र चुकीच्या उंचीवर असेल तर ते असून नसल्यासारखं.

आगीबद्दल थोडंच सांगते. ३१ डिसेंबर २०१७ ला लिव्हरपूलमधल्या एका बहुमजली पार्किंगमध्ये एका गाडीला लागलेल्या आगीत हजाराहून जास्त गाड्या जळाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ल्यूटन विमानतळावरच्या पार्किंगमध्येही आग एका गाडीपासूनच पसरली. गाड्या खेटून उभ्या असल्या की आग रांगेने चालत जाते. म्हणून आमच्या माणसांना सूचना आहे की पेटलेल्या गाडीशेजारच्या गाड्या वाचवायला जायचं नाही. बाहेर पडायच्या दारासमोर गर्दीच्या वेळी गाडी लावली जाते का, ते पाहणीत रोज बघायचं.

इमारतही बघा. छतातून टपकणारं पाणी, गंजून उघडी पडलेली सळई, रुंदावणारी भेग. १८ एप्रिल २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनमधलं एक जुनं बहुमजली पार्किंग कोसळलं आणि तिथल्या व्यवस्थापकाचा जीव गेला. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला, फोटो काढा आणि अभियंत्याला बोलवा. तोवर त्या भागावर जादा गाड्या नाहीत.

रात्री एकट्याने काम, हातात रोकड, चिडलेले मालक, हे धोकेही तक्त्यात हवेतच. निदान शेवटच्या तासात माणूस एकटा ठेवू नका.

आकडा आणि उपाय

बहुतेक तक्त्यांत शक्यता १ ते ५ आणि इजा १ ते ५ असे आकडे देऊन गुणाकार करतात. पद्धत ठीक आहे, फक्त दोन काळज्या घ्या. शक्यतेचा आकडा रेघांच्या वहीतून घ्या, मनाने नाही. आणि मधल्या जागेत इजेचा आकडा ५ च द्या, वेग कितीही कमी असला तरी. माझ्या जुन्या तक्त्यात शक्यता ३ आणि इजा २ होती. गुणाकार ६ आला आणि ती ओळ खालच्या, म्हणजे कमी धोक्याच्या रंगात गेली. तीच इजा ५ धरली असती तर १५ आले असते आणि कोणालातरी उत्तर द्यावं लागलं असतं.

उपाय शोधताना मी क्रम पाळते. आधी, तो धोका मुळातच काढून टाकता येतो का: जागा बंद करणं, किल्ल्यांची फळी हलवणं, एकेरी वाहतूक करून रिव्हर्सच टाळणं. मग काहीतरी पक्कं बसवणं: स्टॉपर, कठडा, गतिरोधक, वळणावरचा आरसा. मग पद्धत आणि प्रशिक्षण. चमकदार जॅकेट सगळ्यात शेवटी. जॅकेट हवंच, आयएसओ २०४७१ (लांबून दिसणाऱ्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या प्रतीचं आणि धुऊन फिकट न पडलेलं. पण मागे बघतच नसलेल्या चालकाला जॅकेट दिसत नाही. ज्या तक्त्यात प्रत्येक धोक्यापुढे ‘जॅकेट घालावे, काळजी घ्यावी’ असं लिहिलेलं असतं, तिथे जागेवर जाऊन कोणी पाहिलेलं नसतं.

लिहिताना पूर्ण वाक्य लिहा. ‘वाहतुकीचा धोका’ या दोन शब्दांतून कोणालाच काही कळत नाही. माझी आताची ओळ अशी आहे: ‘संध्याकाळी ६ ते ७.३०, खांब ब-१४, गाडी मागे घेताना इशारा करणारा बंपर आणि खांब यांच्या मध्ये उभा राहतो, कारण फट दुसरीकडून दिसत नाही. उपाय: स्टॉपर. कोणी: देखभाल विभाग. कधीपर्यंत: शुक्रवार.’ शुक्रवार उलटला आणि स्टॉपर आला नाही, तर ती जागा शनिवारी साखळी लावून बंद.

तक्ता तयार झाला की कार्यालयात सह्या घेऊ नका. त्या त्या जागी जा, तिथे काम करणाऱ्या माणसाला ती ओळ मोठ्याने वाचून दाखवा आणि काय राहिलं ते विचारा. जागेची आखणी बदलली, नवी माणसं आली, उंच गाड्या वाढल्या किंवा ‘काही नाही, काही नाही’ असं कानावर आलं, की मोजणी पुन्हा. एरवी आमच्याकडे ती दर तीन महिन्यांनी होते.

ज्याचा पाय मोडला तो मुलगा आता पुन्हा पाळीला येतो. मोजणीला मी त्यालाच बरोबर घेते: मी रेघा ओढते, तो माझ्याकडे येणाऱ्या गाड्या बघतो. मागच्या खेपेला त्याने मला खालच्या मजल्यावरचा पाण्याच्या टाकीचा कोपरा दाखवला. तिथे हवा भरणारा माणूस चाकापाशी बसतो आणि त्याची पाठ लेनकडे असते. टाकीमुळे यंत्राची नळी दुसऱ्या बाजूने पोचत नाही. लांब नळी मागवली आहे. ती येईपर्यंत त्या कोपऱ्यात हवा भरणं बंद ठेवलं आहे, आणि तक्त्यात ती ओळ अजून ‘बाकी’च्या रकान्यात आहे.